वाद्य खाली ठेवताना

बाबांनी त्यांची हवाईयन गिटार देऊन टाकली, हे मला त्यांच्या साठीशांतीच्या दिवशी भर कार्यक्रमात कळलं.

मी दिल्लीहून दोन दिवस आधीच भुसावळला पोहोचले होते. होमहवन, जेवणावळ, आहेर हे सगळं आईने आणि काकांनी ठरवलं होतं. माझ्याकडे एकच काम होतं आणि तेही मी स्वतःहून घेतलेलं. जेवणं झाल्यावर बाबांनी सगळ्यांसमोर गिटार वाजवायची. त्यांच्या जुन्या ऑर्केस्ट्रातल्या तबलजींना मी गुपचूप बोलावून ठेवलं होतं, माईक भाड्याने आणला होता, गाण्यांची यादीही केली होती. सगळं जुळून आल्यावर मी मोठ्या ऐटीत म्हटलं, ''बाबा, आता तुमची गिटार आणा.''

बाबा जरा ओशाळल्यासारखे हसले आणि हळूच म्हणाले, ''अगं, गिटार घरात नाहीये. गल्लीतल्या एका मुलाला दिली मागच्या महिन्यात. त्याला फार शिकायचं होतं.''

''मला न विचारता?'' माझा आवाज चढला होता.

''तू कधी वाजवलीस?'' बाबा म्हणाले.

आजूबाजूचे पाहुणे हसले. मला मात्र हसू आलं नाही. तबलजींनी बिचाऱ्यांनी बाजू सावरायला दोन कायदे वाजवले आणि कार्यक्रम संपला. दिल्लीला परतल्यावर पुढचे कितीतरी महिने आमचं फोनवरचं बोलणं 'जेवलात का', 'औषध घेतलंत का' यापलीकडे गेलं नाही.

त्या गिटारीची गोष्ट सांगायला हवी. बाबा रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. लग्नाआधी एकदा पासवर ते कलकत्त्याला गेले आणि परत येताना साठवलेल्या पगारातून ही गिटार घेऊन आले. हवाईयन गिटार उभी धरून वाजवत नाहीत. ती मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत बार धरून तारांवरून सरकवायचा आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. बार सरकला की सूर तुटत नाही, तो ओघळतो. त्यामुळे माणूस गातोय असंच वाटतं. रेल्वे कॉलनीच्या गणेशोत्सवात बाबा जुन्या हिंदी सिनेमांतली गाणी वाजवू लागले की बायका हातातलं काम टाकून ओट्यावर येऊन उभ्या राहत. मी दहा वर्षांची असताना त्यांनी मलाही शिकवायला घेतलं होतं. बोटं दुखतात म्हणून तीन महिन्यांत मी ते सोडून दिलं. तरीही ती गिटार पुढेमागे माझीच, असं मी मनाशी धरून चालले होते.

असो. राग मनात तसाच राहिला आणि दिवस जात राहिले. मग एके दिवशी आमच्या संपादकांनी माझ्यावर एक काम सोपवलं. परदेशातल्या स्त्री कलावंतांविषयी लिहायचं होतं आणि माझ्या वाट्याला नाव आलं बार्बरा मँड्रेल. अमेरिकेतली कंट्री संगीताची गायिका, अनेक वाद्यं वाजवणारी. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या शेतकरी, कामकरी माणसांमधून वर आलेलं संगीत, इतपतच मला माहीत होतं. हे नाव तर मी पहिल्यांदाच ऐकत होते. अर्ध्या मनानेच मी संगणकावर तिच्या जुन्या दूरदर्शन कार्यक्रमाची एक फीत लावली.

झगमगीत पोशाखातली एक ठेंगणीशी, सोनेरी केसांची बाई हसत हसत आली आणि एका लांबट मेजासारख्या वाद्यामागे बसली. तिने डाव्या हातात पोलादाचा बार घेतला, उजव्या हाताच्या बोटांत नख्या होत्याच. बार तारांवर टेकला, मनगट किंचित थरथरलं, सूर ओघळला आणि मी खुर्चीतच ताठ झाले. तो हात मला ओळखीचा होता. बाबांच्या मांडीवरच्या गिटारीलाच जणू चार पाय फुटले होते!

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हा केवळ भास नव्हता. दोन्ही वाद्यांचं मूळ एकच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर तारांवरून पोलाद सरकवून गिटार वाजवण्याची पद्धत रुजली. तिथून ती अमेरिकेत गेली, कंट्री संगीतवाल्यांनी उचलली. त्यांनी वाद्याला पाय दिले, पायाने दाबायच्या पट्ट्या आणि गुडघ्याने ढकलायच्या कळा बसवल्या. झाली पेडल स्टील गिटार. तीच पद्धत आपल्याकडे कलकत्त्यात पोहोचली. व्हॅन शिपले यांच्यासारख्या वादकांनी ती सिनेसंगीतात लोकप्रिय केली, ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग वाजवले आणि पंडित विश्वमोहन भट्ट यांना तिच्याच कुळातल्या मोहनवीणेसाठी १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. म्हणजे भुसावळच्या बुकिंग क्लार्कची गिटार आणि अमेरिकेतल्या या बाईंचं वाद्य ही लांबची का होईना, भावंडंच.

मग मात्र मी तिची सगळी हकिगत शोधून शोधून वाचली.

बार्बराचा जन्म २५ डिसेंबर १९४८ चा, टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरातला. घर संगीताचंच. आईने तिला लहानपणीच अकॉर्डियन शिकवलं. इंग्रजी वाचायच्या आधी ती स्वरलिपी वाचायला शिकली होती म्हणतात. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात आलं. तिथे वडिलांचं, अर्बी मँड्रेल यांचं, वाद्यांचं दुकान होतं. दहाव्या वर्षाच्या सुमाराला तिच्यासमोर स्टील गिटार आली. दोन्ही हात, दोन्ही पाय आणि गुडघे अशी सगळ्यांची सांगड घालायला लावणारं हे वाद्य. मोठमोठे वादक त्याला वचकतात. हिने ते असं काही आत्मसात केलं की १९६० मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, वडील तिला शिकागोच्या वाद्यव्यापाऱ्यांच्या मेळाव्यात घेऊन गेले. तिथे जो मेफिस आणि चेट ॲटकिन्स या नामवंत गिटारवादकांची नजर तिच्यावर पडली. लगोलग लास व्हेगासमध्ये मेफिस यांच्या कार्यक्रमात तिला जागा मिळाली. तेरा वर्षांची झाली तेव्हा ती जॉनी कॅश यांच्या दौऱ्यात वाजवत होती. सोबत जॉर्ज जोन्स आणि पॅट्सी क्लाइन अशी मंडळी. आपल्या परकर-पोलक्यातल्या मुलीने देशातल्या पहिल्या फळीच्या गायकांबरोबर गावोगाव हिंडावं, तसाच हा प्रकार.

स्टील गिटार आणि अकॉर्डियनवर ती थांबली नाही. सॅक्सोफोन, बास गिटार, मँडोलिन, डोब्रो आणि बँजो ही वाद्यंही तिने हाताखाली घातली. हा बँजो म्हणजे आपल्या मिरवणुकीतला कळा दाबून वाजवायचा बेंजो नव्हे बरं का! त्याला डफासारखं कातडं ताणून बसवलेलं असतं आणि वर लांब मान असते. वडिलांनी घरच्यांचाच एक वाद्यवृंद उभा केला. बार्बरा त्यात वाजवायची, गायची. ड्रम्सवर केन डडनी नावाचा तरुण होता. १९६७ मध्ये त्याच्याशीच तिचं लग्न झालं. तो नौदलात वैमानिक झाला आणि बार्बराने ठरवलं, झालं तेवढं पुरे. आता संसार.

इथवर वाचताना मला आपल्याकडच्या किती जणी आठवल्या! माहेरी पेटी वाजवणाऱ्या, लग्नानंतर पेटीवर शिलाई मशीन ठेवणाऱ्या. पण बार्बराच्या आयुष्यात एक संध्याकाळ आली. नवरा परदेशी कामगिरीवर गेलेला, ती आईवडिलांकडे टेनेसी राज्यात राहायला आलेली. १९६८ साल होतं. वडिलांबरोबर ती नॅशव्हिलला 'ग्रँड ओल ऑप्री' बघायला गेली. १९२५ पासून चालत आलेला हा रेडिओवरचा कार्यक्रम, कंट्री गायकांचं पंढरपूरच म्हणा ना! त्या काळी तो रायमन सभागृहात होई. मूळची ती प्रार्थनेची वास्तू, त्यामुळे श्रोते चर्चसारख्या लाकडी बाकांवर बसत. एकोणीस वर्षांची बार्बरा बाकावर बसून समोरच्यांचं गाणं ऐकत होती आणि तिला बसवेना. आपली जागा इथे नाही, समोर आहे, असं तिला वाटलं. तिने ते वडिलांना सांगितलं. वडिलांनी नुसती मान डोलावली नाही, तर तिच्या सगळ्या कामाची जबाबदारी अंगावर घेतली. पुढे कितीतरी वर्षं तिचे व्यवस्थापक तेच होते.

१९६९ मध्ये कोलंबिया कंपनीशी करार झाला. तिची गाणी लोकांना आवडू लागली. ओटिस रेडिंगसारख्या कृष्णवर्णीय गायकांची 'सोल' पद्धतीची गाणी ती कंट्रीच्या ढंगात गाई, हे तिचं वेगळेपण. १९७२ मध्ये, म्हणजे त्या लाकडी बाकावरून उठल्यानंतर चारच वर्षांत, ऑप्रीने तिला आपली सदस्य करून घेतलं. तरी पहिलं यश आणि पहिला क्रमांक यांच्यात बरंच अंतर होतं. कंट्री गाण्यांच्या यादीत अव्वल ठरलेलं तिचं पहिलं गाणं, 'स्लीपिंग सिंगल इन अ डबल बेड', १९७८ चं. तोवर ती दोन मुलांची आई झाली होती.

मग मात्र दिवस पालटले. १९८० आणि १९८१ अशी लागोपाठ दोन वर्षं कंट्री म्युझिक असोसिएशनने तिला 'एंटरटेनर ऑफ द इयर' हा सर्वोच्च मान दिला. हा मान दोनदा मिळवणारं तोवर कुणीच नव्हतं, ना पुरुष, ना स्त्री. त्याच सुमाराला, नोव्हेंबर १९८० मध्ये, एनबीसी वाहिनीवर तिचा आणि लुईज व अर्लीन या धाकट्या बहिणींचा कार्यक्रम सुरू झाला. मी पाहिलेली फीत त्यातलीच. लुईज बास आणि फिडल वाजवी, अर्लीन ड्रम्स. बार्बरा एका वाद्यावरून उठे आणि दुसऱ्यावर बसे. गाणं, नाच, विनोद आणि शेवटी भक्तिगीतं. घरादाराने मिळून बघावा असा तो कार्यक्रम लाखो अमेरिकन घरांत बघितला जाई.

आणि तो तिने दोन वर्षांतच बंद केला. दर आठवड्याच्या तालमी आणि चित्रीकरण यांनी तिचा घसा थकला होता. आवाज वाचवायचा तर काम कमी करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. प्रेक्षक होते, पैसा होता, वाहिनी होती. ती थांबली.

हे वाचताना मी पहिल्यांदा चमकले. पण बाबांची आठवण मी बाजूला सारली. म्हटलं, त्यांचा काही घसा बसला नव्हता.

पुढचा भाग लिहिताना माझा हात जड झाला. ११ सप्टेंबर १९८४ ला बार्बरा मुलगा आणि मुलगी यांना घेऊन गाडीने घरी निघाली होती. नॅशव्हिलजवळच्या रस्त्यावर समोरून येणारी गाडी मधली रेघ ओलांडून थेट त्यांच्यावर आली. त्या गाडीचा तरुण चालक जागीच गेला. धडकेच्या काही मिनिटं आधीच बार्बराने स्वतः सीट बेल्ट बांधला होता आणि मुलांनाही बांधायला लावला होता. त्या पट्ट्यांनी तिघांचे जीव वाचवले. (आपण मात्र पोलीस दिसला की पट्टा ओढतो!) तिच्या मांडीचं हाड मोडलं, घोटा आणि गुडघा दुखावला आणि डोक्याला मोठा मार बसला. हाडं जुळली, पण डोक्याच्या माराने स्वभावच बदलला. सदा हसतमुख असलेली ही बाई चिडचिडी झाली, विसरायला लागली. घरच्यांना ती ओळखू येईना. पुढे तिने हे सगळं स्वतःच्या आत्मचरित्रात न लपवता लिहिलं.

त्यात आणखी एक घाव. टेनेसीच्या कायद्याप्रमाणे स्वतःच्या विमा कंपनीकडून भरपाई मिळवायची, तर आधी त्या मृत तरुणाच्या वारसांवर दावा दाखल करणं भाग होतं. दावा झाला आणि लोक खवळले. मुलगा गमावलेल्या घराला ही कोर्टात खेचते, असं बोललं जाऊ लागलं. ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं, त्यांच्यातल्या अनेकांनी पाठ फिरवली. कायद्याची अट समजावून सांगणार कुणाकुणाला?

तरीही ती उठली. सप्टेंबर १९८५ मध्ये तिला तिसरा मुलगा झाला आणि १९८६ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये ती पुन्हा रंगमंचावर उभी राहिली. त्या कार्यक्रमाची सुरुवात करून द्यायला तिची मैत्रीण डॉली पार्टन आली होती. पायात वेदना होत्याच. पुढची अकरा वर्षं तिने गाणी म्हटली, वाद्यं वाजवली, दौरे केले.

आणि २३ ऑक्टोबर १९९७ ला नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री हाऊसमध्ये तिने शेवटचा कार्यक्रम केला. नावच होतं 'द लास्ट डान्स'. वय होतं अठ्ठेचाळीस. आवाज शाबूत, बोटं शाबूत, सभागृह खच्चून भरलेलं. काही काळ ती अभिनयाकडे वळली, मग तेही सोडून घरी रमली. कितीतरी कलाकार निरोपाचा दौरा करतात आणि दोन वर्षांनी पुन्हा तिकिटं विकतात. हिने तसं केलं नाही. २००९ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला. त्याच वर्षी तिचे वडील गेले. शिकागोच्या मेळाव्यात तिचं बोट धरून नेणाऱ्या वडिलांना सोहळ्याच्या दिवशी तिथे असता आलं नाही.

माझ्या मनात घर करून राहिलं ते मात्र याही नंतरचं एक दृश्य. जुलै २०२२. ऑप्रीची सदस्य होऊन तिला पन्नास वर्षं झाली म्हणून ऑप्रीने खास संध्याकाळ ठेवली होती. गायिका तिची गाणी गात होत्या. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्र्याहत्तर वर्षांची बार्बरा प्रेक्षकांत बसून ऐकत होती. ती गायली नाही, एकाही वाद्याला हात लावला नाही. १९६८ मध्ये ज्या मुलीला श्रोत्यांत बसवलं नव्हतं, तीच बाई चोपन्न वर्षांनी श्रोत्यांत समाधानाने बसली होती.

लेख तिथेच संपवायचा होता. पण मी बराच वेळ नुसती बसून राहिले. मला वाटलं, आपण कलावंताचं सुरू होणं साजरं करतो, पहिला कार्यक्रम, पहिलं बक्षीस. त्याचं थांबणं मात्र आपल्याला आपला अपमान वाटतो. आम्हाला अजून ऐकायचं आहे आणि तुम्ही उठता कसे? बाबांच्या साठीशांतीत मी नेमकं हेच केलं होतं. माईक भाड्याने आणताना मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, तुम्हाला वाजवायचं आहे का? माझ्या दृष्टीने ती गिटार माझ्या लहानपणाची खूण होती, ती घरात कुठेतरी असायला हवी होती. अगदी कपाटावर, गवसणीत, गंजत का होईना. मी न वाजवलेल्या गिटारीवर माझा हक्क आणि बाबांनी आयुष्यभर वाजवलेल्या गिटारीवर त्यांचा नाही, असा हा न्याय!

त्या रात्री मी भुसावळला फोन लावला. औषधांची चौकशी न करता विचारलं, ''बाबा, त्या मुलाची गिटार कशी चाललीय?''

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग बाबा बोलायला लागले ते अर्धा तास थांबले नाहीत. तो मुलगा बार फार दाबून धरतो, नख्या बोटांत घट्ट बसत नाहीत म्हणून त्याने आत दोरा गुंडाळलाय, त्याची आई आधी रागवायची पण आता दारात उभी राहून ऐकते. मी मध्येच विचारलं, ''पण तुम्ही का सोडलंत? हात तर चांगला चालत होता.''

''चालत होता म्हणून तर,'' बाबा म्हणाले. ''शेवटच्या गणपतीत वाजवलं ना, ते मनासारखं झालं गं. म्हटलं, आता हेच राहू दे. आणि वाद्याला काय, हात लागतो. माझा नाही तर दुसऱ्याचा.''

मी त्यांना बार्बराची गोष्ट सांगितली. पेडल स्टील गिटारचं वर्णन त्यांनी तीनदा करायला लावलं. ''पायानेसुद्धा? आणि गुडघ्यानेसुद्धा?'' असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. मग मी ती फीतच पाठवली. आई सांगत होती, त्यांनी ती रात्री सात-आठ वेळा पाहिली.

गेल्या गणपतीत मी रजा काढून घरी गेले. मंडळाच्या छोट्याशा मंचावर तो मुलगा मांडीवर बाबांची गिटार घेऊन बसला होता. बाबा माझ्या शेजारी, दुसऱ्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर. अंतऱ्याला त्याचा बार जरा अलीकडेच थांबला. बाबांनी माझ्याकडे वळून कुजबुजत सांगितलं, ''सूर खाली लागला.''

आणि गाणं संपल्यावर सगळ्यात आधी टाळ्या त्यांनीच वाजवल्या.